घोंगडीवाल्याचा सहावा आकडा

आबा,

तुमच्या घोंगडीवाल्याला काल तुमच्या नातीनं तपासलं. बारामतीच्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकते आणि सध्या तिच्या डोक्यात माणसांचे प्रकार शिरलेत. एका पद्धतीत म्हणे माणसं सोळा प्रकारची, दुसरीत नऊ, आणि प्रत्येक प्रकाराला एक आकडा. बापाला बसवून तिनं त्याचा आकडा काढला. मी काही हाताला लागले नाही. आता वर्गात गोष्टीतलं एखादं पात्र उलगडून दाखवायचं होतं. पुस्तकांतली, मालिकांतली सगळी बाकीच्यांनी आधीच उचलली, म्हणून ही माझ्यामागं लागली. "आई, आजोबांचा तो घोंगडीवाला दे. तो कुणाकडंच नसणार."

कुणाकडं असेल? तो तुमचा. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये, भोंगा झाला की तुम्ही घरी यायचा, हातपाय धुऊन चुलीपाशी टेकायचा, आई भाकरी थापायची आणि तुम्ही गोष्टीत त्याला माळावर सोडायचा. एकटा मेंढका, खांद्यावर घोंगडी, आणि त्याला बघून लांडगा शेपूट घालायचा. कंपनीतल्या सगळ्या साहेबांपेक्षा मला तो मोठा वाटायचा.

तर काल मी कणीक मळतेय आणि ही मोबाईल घेऊन ओट्याला टेकलीय.

"झोपतो कसा?"

"एक डोळा उघडा ठेवून."

"नव्या गावात गेल्यावर आधी काय बघतो?"

"बाहेर पडायची वाट."

"लहान कोकराचं काय करतो?"

"दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला. कुणी ओढलं तर जाग यावी म्हणून."

"आणि एकटा असला की?"

"मोठमोठ्यानं बोलत चालतो."

मी आपली अभिमानानं सांगतेय. ती हसली नाही. म्हणाली, "आई, हा नऊ प्रकारांतला सहावा आहे गं. ज्यांच्या सगळ्या वागण्याच्या मुळाशी भीती असते ते."

"तोंड सांभाळ. लांडगा पळायचा त्याला बघून."

"पळू दे ना. सहाव्यात दोन तऱ्हा असतात. एक भीती वाटली की पळतात, दुसरे भीतीच्याच अंगावर चालून जातात. हा दुसरा. पण घाबरलेले दोघंही."

मी तवा आपटला. आबा, मला राग तिचा नव्हता आला. मला निरवांगीचा माळ आठवला होता.

वैशाखातला दिवस होता. काकांची मेंढरं माळावर बसली होती, त्यांना बघायला आपण दोघं एसटीतून उतरून चालत निघालो होतो. दिवस कलला होता. अचानक तुम्ही थांबता. ओढ्याच्या काठावर कुत्र्यासारखं काहीतरी उभं आहे, आणि ते कुत्रं नाही. तुम्ही माझं मनगट धरता आणि एकदम मोठ्या आवाजात घोंगडीवाल्याची गोष्ट सुरू करता, मी बहिरी असल्यासारखी. "तर काय झालं, पोरी! घोंगडीवाला निघाला माळानं!" ते जनावर बराच वेळ आपल्या अंगानं चालतं. तुमचा आवाज खणखणीत आणि हात लटलट कापतोय. मी विचारते, "आबा, हात का हालतोय?" तुम्ही म्हणता, "थंडी वाजतीया. चल तू, घाबरायचं न्हाय." मेंढरांभोवतीची जाळी दिसेपर्यंत गोष्ट थांबत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरं भावाच्या हवाली करून तुम्ही कंपनीच्या भोंग्याखाली का जाऊन बसलात, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. पगार असतो, एवढंच सगळे म्हणायचे.

आता इथलं सांगते. लोणी भापकरला आमची वस्ती उसातच आहे. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांचं कुत्रं गेलं, पाटाच्या चिखलात बिबट्याची पावलं उमटलेली सगळ्यांनी बघितली. पोरीला म्हटलं, दिवस मावळायच्या आत ये. तिचा तास उशिरा सुटतो, त्याला ती तरी काय करणार. आज अंधारायला लागलं आणि फोन आला. "आई, गाडी बंद पडलीय, ओढ्याच्या अलीकडं. आणि उसात काहीतरी खसखसतंय." आवाज बारीक झाला होता.

तिचा बाप कारखान्यावर, पाळीला. मी बॅटरी घेतली, काठी घेतली आणि निघाले. आबा, खोटं कशाला सांगू, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि माझे पाय मागं वळायला बघत होते. ओरडावं म्हटलं तर काय ओरडावं कळेना. देवाचं नावही आठवेना. आणि तोंडातून काय निघावं? "तर काय झालं, पोरी! घोंगडीवाला निघाला माळानं!"

लेक गाडीला चिकटून उभी होती. एका हातानं तिला धरलं, दुसरा हात गाडीला लावला, आणि दोघींनी गाडी ढकलायला घेतली. डाव्या हाताला पाचट वाजत होतं. आपण थांबलो की थांबायचं. मी गोष्ट सोडली नाही. कोकरू झालं, दोरी झाली, लांडगा झाला, संपली की पुन्हा पहिल्यापासून. तीही मध्येच ओरडून विचारायला लागली, "मग? मग काय झालं?" अंगणातला दिवा दिसला तेव्हा कुठं माझा आवाज बसला.

दार लावून घेतलं. तिनं माझा हात हातात घेतला. "आई, किती थरथरतोय."

"थंडी वाजतीया," मी म्हटलं.

ऑक्टोबरचा उकाडा, आबा. दोघींच्या अंगातून घामाच्या धारा. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आता आकडा सांगणार, असं मला वाटलं. तिनं गळ्यातली ओढणी काढली, माझ्या खांद्यांवर टाकली आणि चहा ठेवायला गेली.

हे तिला वाचायला देणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं तर कुठल्या पत्त्यावर? उद्या परत तीच वाट आहे, परत तोच ऊस, आणि मला आत्तापासून भीती वाटतेय. घोंगडीवाला सहावाच लिही, एवढं तिला सांगितलंय.

एक राहिलं. निरवांगीला त्या दिवशी मी डोक्यावरचा टॉवेल काढून तुमच्या खांद्यावर टाकला होता. थंडीचं पोरीला पटलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मला पटलं नव्हतं, आबा. मला तेव्हाच कळलं होतं.