तनुजाची यादी आणि त्रेचाळीस झबली

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सकाळी चहानंतर

ती. आक्का,

गोकुळचा साष्टांग नमस्कार. तुझा डावा गुडघा जिना चढू देतो का, आणि दाजींनी तंबाखू खरंच सोडली का नुसती माझ्यासमोर सोडली, ते कळव. माझं बीपी ठीक आहे, म्हणजे काल दुपारपर्यंत ठीक होतं. फोन न करता पत्र लिहितोय याचा राग धरू नको. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि लासूर स्टेशनच्या अर्ध्या मोंढ्याला माझी ख्यालीखुशाली समजते. हे पत्र शिवराजला वाचायला देऊ नको, स्वतः चष्मा लाव. (पोरगा गुणाचा आहे तुझा, पण त्याच्या पोटात काही राहत नाय.)

तर विषय आपल्या तनुजाचा. तिला आठवा संपत आलाय. तिची आई जाऊन पाच वर्षं झाली, सासूबाईंनी अंथरूण धरलेलं, म्हणून लेकीच्या बाळंतपणाला इथून मी एकटाच चाललोय, बावीस तारखेच्या विमानानं. तू म्हणालीस, बाप्या माणूस तिथं जाऊन काय दिवे लावणार, आणि मी रागानं फोन ठेवला. तो राग अजून गेलेला नाय. माणसानं ठरवलं तर त्याला सगळं जमतं, असं माझं म्हणणं होतं आणि आहे.

आता मूळ डोकेदुखी ऐक. तिकडं स्कॉटलंडात दवाखान्यातल्या सुईणीनं (तिकडं सुईण सरकारी नोकर असते, पेन्शनसकट) तिला एक यादी दिली, की एवढं सामान बॅगेत भरून तयार ठेवा. पोरगी इंजिनिअर, दिवसभर गोऱ्यांशी इंग्रजीत भांडते, पण यादीतलं निम्मं तिला कळेना. ऑफिसातल्या बायांना विचारायची लाज वाटली, म्हणून यादी आली माझ्याकडं. का, तर पप्पांनी वाळूजच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यांना सगळ्या मालाची नावं ठाऊक. आक्का, मी बेअरिंग ओळखतो. नट नुसता चाचपून साइझ सांगतो. मोझेस बास्केट मी काय म्हणून ओळखावी?

तीन दिवस वही घेऊन बसलो. बेबीग्रो हे मला वाढीचं टॉनिक वाटलं, ते निघालं पायापर्यंत शिवलेलं झबलं. मसलिन स्क्वेअर म्हणजे दूध ओकलं की पुसायचे मलमलीचे तुकडे, ते डझनभर पाहिजेत. टॉप अँड टेल बोल म्हणजे दोन खणांचं वाडगं, एका खणातल्या पाण्यानं बाळाचं तोंड पुसायचं, दुसऱ्यातल्या पाण्यानं ढुंगण. (दोन वाट्या घ्या म्हणायला काय झालं होतं त्यांना?) आणि मोझेस बास्केट म्हणजे चक्क बाळाला निजवायची टोपली. ही माणसं लेकराला टोपलीत ठेवतात आणि आपल्या झोळीला नावं ठेवतात, याला काय म्हणावं. नेटवर बघ म्हणून सांगू नको. एक वस्तू शोधली की दुसऱ्या दहा विकायला उभ्या राहतात.

आमच्या स्टोअरचा एक नियम होता. मागितलेला माल नसला तर समतुल्य माल द्यायचा आणि चिठ्ठीवर तसं लिहायचं. तोच नियम मी इथं लावला आणि तिथंच फसलो. त्यात डोक्यात तुझा दंडक, की बाळ जन्मायच्या आधी नवं कापड घरात आणायचं नाय, पहिली झबली धडधाकट लेकरांच्या घरची, वापरलेली, पाच घरी मागून आणायची. गेलो मागायला. साठी उलटलेला बाप्या दारात उभा राहून जुनी झबली मागतोय म्हटल्यावर बाया गहिवरल्या. शेजारच्या चंपाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि फुलंब्रीला नणंदेकडं निरोप धाडला, नणंदेनं सिल्लोडला जावेकडं. पाचाची सतरा घरं झाली. एक झबलं एवढं जुनं, की ते ज्यानं घातलं तो आता तलाठी आहे.

सगळं डेटॉलात धुऊन गच्चीत वाळत घातलं आणि रीतसर चिठ्ठ्या टाचल्या. बेबीग्रो, समतुल्य झबलं, नग त्रेचाळीस. मोझेस बास्केट, समतुल्य भाकरीची दुरडी, नग एक. फोटो काढून तनुजाला पाठवला. तिनं तो कौतुकानं सुईणीला दाखवला. सुईणीनं फोटो बघितला, मग सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा काढून बघितला आणि विचारलं, बाळ नक्की एकच आहे ना?

हे मला फोनवर सांगताना पोरगी आधी लई हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, "आई असती तर यादी लागलीच नसती." मी नेटवर्क जातंय म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ त्या झबल्यांच्या घड्या घालत बसलो. फार वाईट वाटलं, आक्का.

असो. मी खंबीर आहे, तू माझ्या काळजीनं इकडं यायची तसदी घेऊ नको. दाजींना नमस्कार, घरच्या लहानथोरांना ज्याचं त्याला पोचव.

तुझा धाकटा,
गोकुळ

ता. क. : तू येऊ नको, मीच बुधवारी सकाळच्या गाडीनं येतोय. चार दिवस राहीन. कुणी विचारलं तर हवापालट म्हणून सांग.

ता. क. दुसरा : तुझ्या सुनेचं, प्रेरणाचं बाळ आता दीड महिन्याचं झालं असेल. त्याच्या आंघोळीची वेळ काय असते ते कळव, आणि त्या वेळेला दाजींना मोंढ्यात पाठव.

ता. क. तिसरा : सुईणीनं तनुजाला विचारलं होतं, मदतीला कोण येणार. तिनं सांगितलं, माझे वडील, त्यांना सगळं येतं. मग मला विचारलं, "पप्पा, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालता येतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, येतं की, तुला कोण घालत होतं? आक्का, तिला तू घालत होतीस. मी दारात टॉवेल घेऊन उभा असायचो, हात लावायची भीती वाटायची म्हणून. मला शिकव.