कर्नलच्या गोचिडी

प्रिय मित्र, निवृत्त हवालदार धनाजीराव यांस आदगोंडाचा जय जिनेंद्र आणि तुझ्या पद्धतीने रामराम. गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? वडूजकडे ज्वारी बरी उगवली का? (हे फोनवर विचारलं असतं, पण तुला कमी ऐकू येतं आणि तू सगळ्यालाच ‘ओके सर’ म्हणतोस.) माझी प्रकृती उत्तम आहे.

पत्राचं कारण तू दिलेलं पिल्लू. त्याचा आता घोडा झालाय. स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालास आणि कुत्र्याचं नाव ठेवलंस कर्नल, तेव्हापासून तो कुणाचं ऐकत नाही. मे महिन्यात आमचा जिनेंद्र पुण्याहून सूनबाई अंकिताला आणि नात ब्राह्मीला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ब्राह्मीच्या कानामागे गोचीड निघाली. अर्थातच कर्नलची. अंकिता रडली, जिनेंद्र चिडला आणि चौथ्या दिवशी सगळे पुण्याला परत गेले. जाताना बजावून गेले की अंगणातल्या गोचिडी गेल्या तरच दिवाळीला येऊ. शिवाय औषध फवारायचं नाही, कारण पोरीच्या अंगावर कशानेही पुरळ उठतं. प्रभावतीला जाऊन दोन वर्षं झाली. घरात मी आणि कर्नल. दिवाळीला नात यावी एवढीच इच्छा, म्हणून कंबर कसली.

गोचीड मारायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यापासूनचं, आणि त्यात चातुर्मास. मग मी मार्ग काढला. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं, कर्नलचं डोकं मांडीवर घ्यायचं, चिमट्याने एकेक गोचीड काढून काडेपेटीत ठेवायची आणि बांधापलीकडच्या चिंचेखाली नेऊन सोडायची. (पहिल्या दिवशी ‘सुखी राहा’ असंही म्हणालो.) तास-दीड तास सहज जायचा. काढता काढता मी त्याला दिवसभरातलं सांगायचो, म्हणजे फारसं काही नसायचंच. तीन आठवडे झाले तरी गोचिडी तेवढ्याच! शेवटी आमचा शेजारी बिराप्पा मेंढरं घेऊन चालला होता, तो थांबून म्हणाला, “आवं आण्णा, तुमी सोडताय तितंच तुमचं कुत्रं दुपारचं झोपतंय की!” म्हणजे मी गोचिडी संध्याकाळी पोचवायच्या आणि त्याने दुसऱ्या दिवशी घरी आणायच्या.

मग कडुनिंब. मारायचं नाही, फक्त हाकलायचं, अशी मनाची समजूत घातली. प्रभावती सणाला पुरणासाठी डाळ शिजवायची ते मोठं पातेलं दोन वर्षांनी माळ्यावरून काढलं (दुसरं एवढं मोठं भांडं नव्हतं) आणि पाला उकळला. कर्नलवर पहिला तांब्या पडला मात्र, तो जो सुटला तो थेट शेतातल्या पाणी पाजलेल्या सरीत लोळून, चिखलाने माखून परत आला आणि आमच्या गादीवर बसला. पातेलं चार वेळा घासलं, तरी कडू ते कडूच. त्याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हा तुझा सल्ला आठवला, “दोन गावठी कोंबड्या सोड रं, आंगण साफ करत्यात.” बिराप्पाने दोन दिल्या. धनाजी, चातुर्मासात आम्ही कांदा-बटाटासुद्धा घरात आणत नाही, आणि माझ्या अंगणात कोंबड्या! त्यांनी काम चोख केलं. (गोचीड खाल्ली कोंबडीने, तो तिचा स्वभाव. पण कोंबडी आणली कुणी, या प्रश्नाचं उत्तर मी टाळतो आहे.) पण एकीने कर्नलच्या पोत्यावर अंडं घातलं. ते बिराप्पाला परत करायला उपरण्याखाली झाकून निघालो, आणि बस्तीतून जिनदर्शन घेऊन येणारी सगळी मंडळी समोर! त्या दिवशी बस्तीचे पंच आप्पासो चौगुले चौकशीला आले. दुसऱ्या दिवशी आणखी पाच जण आले. प्रभावती गेल्यापासून घरात एवढी माणसं आली नव्हती. मी सगळ्यांना चहा केला, आणि कोंबड्या परत कधी देणार हे मुद्दामच नीट सांगितलं नाही.

असो. अंगण आता स्वच्छ आहे. कर्नलच्या अंगावर औषधालासुद्धा गोचीड नाही. कोंबड्याही परत गेल्या. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
आदगोंडा

ता. क. – काल जिनेंद्रचा फोन आला. सुट्टी चारच दिवस आहे, म्हणून दिवाळीला ते तिघं पाचगणीला जाणार आहेत. अंगण साफ झाल्याचं सांगितलं. “बरं झालं आण्णा,” म्हणाला. मीही बरं म्हणालो.

ता. क. २ – एक गोष्ट वर लिहायची राहिली. गोचिडी गेल्यापासून कर्नल संध्याकाळी माझ्याजवळ येत नाही. खाज नाही, मग येईल कशाला? मी सवयीने चिमटा घेऊन बसतो आणि तो लांब फाटकाजवळ पडलेला असतो. त्याचा राग नाही, पण करमत नाही रे. तेव्हा दिवाळीला तुम्ही दोघं इकडे या. तुझ्या मेंढरांमागचं ते काळं कुत्रंही आण. आणि हात जोडून सांगतो, निघताना त्याला आंघोळ घालू नकोस.