पहिलं पाणी उस्तादाला

मुंबई, ता. २८ जून १९११

ती. दादीमाँ यांस कुतुबुद्दीनचा अदबीने सलाम. वि. वि. मी येथे सुखरूप आहे. तुम्हां सर्वांची खुशाली कळवावी.

शेजारचे गणपतराव काका हे पत्र वाचून दाखवतील. त्यांनी रागावू नये, अशी आधीच विनंती.

सोबतच्या डबीत विटकरी पूड आहे. जर्मन रंग आहे, नाव उरानिन. आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत साहेब तो वापरतात. याने कपडा रंगवायचा नसतो. हा वाट दाखवतो. डोळ्याचे डॉक्टर याचा थेंब डोळ्यात सोडतात, आणि एरवी न दिसणारा बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकून उठतो. जमिनीत ओतला, तर ते पाणी ज्या विहिरीला जाऊन मिळत असेल ती विहीर हिरवी होते.

गेल्या पावसाळ्यात पटकीने रफिकला नेले. सकाळी खेळत होता, दुसऱ्या सकाळी नव्हता. साहेब म्हणतात, पटकी पाण्यातून येते. दादांनी, मीरासाब रंगाऱ्यांनी, स्वतः खणलेली विहीर तुम्हाला किती प्रिय आहे हे मी जाणतो. पण तिच्यापासून बारा हातांवर काकांनी नवा संडास बांधला आहे. माझा संशय त्याच्या खड्ड्यावर आहे. सगळी पूड घागरभर पाण्यात कालवून त्या खड्ड्यात ओतावी. दुसरीकडे थेंबही पडू देऊ नये, नाहीतर काहीच उमगणार नाही. मग रोज भर दुपारी, ऊन सरळ आत उतरेल तेव्हा, विहिरीत पाहावे.

मेहमुदाला कळंब्याच्या नळाचे पाणी, तेही उकळून, एवढेच द्यावे. रफिकनंतर मला आणि मदिनाला ती एकच उरली आहे. पाऊस लागला आहे, म्हणून घाई करतो.

आजवर सांभाळलेत तसेच सांभाळावे, ही विनंती.

आपला,
कुतुबुद्दीन

*

कोल्हापूर, ता. ८ जुलै १९११

चि. कुतुबुद्दीन यास हुसेनबीचे उदंड दुवा. वि. वि. आम्ही इकडे बऱ्या आहोत. तू जेवतोस का नुसत्या बाटल्याच हुंगतोस, ते लिही.

तुझं पत्र गणपतरावांनी माझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या संडासापाशी आले आणि थांबले. चष्मा पुसला. मी म्हटलं, पुढं वाचा की, कचेरीत तीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी वाचलीत, स्वतःचं वाचताना घसा का बसला? मग वाचलं. एक अक्षर गाळलं नाही म्हणतात. मला काय, त्यांनी किराण्याची यादी वाचली तरी मी मान डोलवणार. पण तू त्यांना फार लागेल असं लिहिलंस बघ. गल्लीत पहिला पक्का संडास त्यांचा. पावणं आलं की आधी तो दाखवतात, मग बसायला घोंगडं टाकतात. त्याच्यावर संशय म्हणजे घरच्या सुनेवर संशय. (हे मी लिहिणार नव्हतो. मावशी म्हणतात, लिहा. — गणपतराव)

आता तुझा रंग. पन्नास वर्षं मी लाल रंगासाठी आलाच्या मुळ्या कुटल्या, निळ्यासाठी नीळ घुसळली, आणि या जर्मनांच्या डब्यांनी माझे हौद कोरडे पाडले. तरी रंग म्हटला की हात राहवत नाही. चिमूटभर वाटीत टाकली. विटेची भुकटी, पाण्यात पडताच हळदीसारखी पिवळी झाली. वाटी उन्हात नेली तर हिरवी. पानासारखी न्हाय, काजव्याच्या पोटासारखी, आतून. आरपार बघावं तर पिवळं, वरून बघावं तर हिरवं. एकाच पाण्याला दोन तोंडं मी जन्मात पाहिली नव्हती. फडकं बुडवलं, दोनदा पिळलं, फडकं कोरं. तुरटीलाही जुमानत नाही. मला तो तिथंच आवडला नाही. जो रंग कुठंच बसत नाही तो चालतच राहणार.

काल शुक्रवारी दुपारी खड्ड्यात ओतला. पाच बायका आणि बिनकामाचे दहा बापे जमले होते. गणपतरावांनी स्वतः घागर उपडी केली, चेहरा असा की कुणाची राख नदीत सोडताहेत. डबी हलकी लागते असं म्हणाले. टपालात सांडली असेल.

मेहमुदाचं पाणी उकळतो, तू निर्धास्त राहा. तिनं तुझ्या जुन्या टोपीत मांजरीची पिल्लं ठेवली आहेत. टोपी आता विसर.

दादीवरची माया उन्हात धरली तरी विटू देऊ नकोस.

हुसेनबी (अंगठा)

*

कोल्हापूर, ता. २१ जुलै १९११

चि. कुतुबुद्दीन यास हुसेनबीचे दुवा. वि. वि. आज खुशाली मागाहून.

काल गुरुवारी बाराच्या सुमाराला उघडीप झाली. मदिना पाण्याला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. बादली दोरासकट आत सोडून आली होती.  मी काठी टेकत गेले. ऊन सरळ आत उतरलं होतं आणि पाणी जळत होतं, कुतुब. हिरवं. धूर नाही, आवाज नाही. ढग आला की विझायचं, गेला की पुन्हा पेटायचं, एखाद्या जनावरानं डोळा मिटावा आणि उघडावा तसं. पारवे कठड्यावर ओळीनं बसले होते, एकही आपल्या कपारीत उतरेना. मेहमुदा वाकून हाका मारत होती. विहीर तिची हाक परत देत होती. ती रोजच देते, पण काल ती कुणालाच आवडली नाही. मदिनानं पोरीला उचलून आत नेलं.

गल्ली गोळा झाली. ज्यांनी त्या संडासाचं कौतुक केलं होतं त्यांनीच तोंड सोडलं. बायडाबाईची दोन लेकरं गेल्या साली रफिकच्याच आठवड्यात गेली. ती गणपतरावांच्या दारात उभी राहिली आणि आपल्या पोरांची नावं घेऊन, ती कुठं हायत म्हणून विचारत राहिली. गणपतरावांनी संध्याकाळी गडी लावून खड्डा उपसायला घेतला.

आज पत्राला दुसरं कुणी बघते म्हटलं, तर ऐकेनात. म्हणाले, रफिकला मुळाक्षरं मीच शिकवत होतो, हेही मीच लिहीन. अक्षर वाकडं आलं असेल तर त्यांच्या हातानं आलंय, मनानं नाही.

मला जास्त सांगवत नाही. तू मात्र जास्त लिही.

हुसेनबी (अंगठा)

*

मुंबई, ता. २५ जुलै १९११

ती. दादीमाँ यांस कुतुबुद्दीनचा सलाम. वि. वि. पत्र पोचले.

काकांना माझा वाकून नमस्कार. त्यांनी खड्डा आणखी थोडे दिवस बुजवू नये. कारण एका गोष्टीचा मेळ बसत नाही. बारा हातांवरचे पाणी ऐन पावसात दोन, फार तर तीन दिवसांत विहिरीत यायला हवे होते. तेरा दिवस लागले. साहेब म्हणतात, हा रंग लांबून चालत आला आहे.

दादीमाँ, पूड आणखी कुठे पडली का? आणि मेहमुदा खरोखर कोणत्या पाण्यावर आहे? मी रागावणार नाही. पण मला दोन्ही गोष्टी खऱ्या कळायला हव्यात, आणि लवकर.

आपलाच,
कुतुबुद्दीन

*

कोल्हापूर, ता. ३० जुलै १९११

चि. कुतुबुद्दीन यास हुसेनबीचे दुवा. वि. वि. तुझा प्रश्न गणपतरावांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचा म्हणून मी सांगितलं नव्हतं.

आता लिहा गणपतराव, आणि संपेपर्यंत मान वर करू नका.

रंगाऱ्याच्या घरात नवा रंग आला की पहिलं पाणी उस्तादाला. उस्ताद जिवंत असेल तर त्याच्या हातावर, गेला असेल तर कबरीवर. माझे उस्ताद तुझे दादाच; त्यांना दाखवल्याशिवाय मी कुठला रंग हौदात घातला नाही. जर्मनांचे मात्र कधी नेले नव्हते, हा बघून राहवलं नाही. म्हटलं, बघा तरी, आपल्याला घरी बसवणाऱ्यांनी काय करून ठेवलंय. त्या शुक्रवारी फजरची नमाज झाल्यावर निम्मी पूड तांब्यात कालवली आणि टेकाडावर कबरस्तानात गेले. बायकांना आत मनाई, म्हणून तिथल्या राखणदार मुजावरानं नेहमीसारखी पाठ फिरवली. मी दादांच्या कबरीच्या पायथ्याशी ओतली, म्हणजे मय्यतीला अंघोळ घालायच्या दगडाला लागून. जागा तुला ठाऊक आहे, शेजारी रफिक आहे. पाणी वर थांबलं नाही, पसरलं नाही. कुणी खालून तोंड लावून प्यावं तसं गेलं.

विहीर पेटली तेव्हा मला लगेच कळलं. तिथून निघून, टेकाड उतरून, तुझे दादा घरी आले होते. मला भीती वाटली नाही, कुतुब. बरं वाटलं. बायडाबाई या माणसाच्या दारात ओरडत होती आणि मी काठाशी उभी राहून मनात त्यांच्याशी बोलत होते. म्हणून गप्प राहिले.

आता दुसरं. घरातल्या लेकराला सकाळी अनशापोटी दादांच्या विहिरीचं वाटीभर पाणी, ही माझी रीत. तुझा बाप त्यावर वाढला, तू वाढलास. नळाचं उकळलेलं पाणी घरात असतं, मदिना तेच देते. पण ती चुलीपाशी गुंतली की वाटी मी देत होते. मेहमुदाला. त्याआधी रफिकला.

त्याच गुरुवारी दुपारी पोर अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर मुतली आणि फरशी हिरवी पेटली. विहिरीतला तोच उजेड. पोरीनं टाळ्या वाजवल्या. मी अंगावरचा पदर टाकून ते पुसलं. पदर पिळला, कोरा झाला; मोरीतून ते वाहत गेलं तेही चमकत गेलं. त्या दिवसापासून वाटी बंद आहे. पोर खेळते, खाते. मी तिच्या कपाळावर हात ठेवते तर झिडकारते. झिडकारू दे. झिडकारायचं बळ तरी आहे.

यापुढं तू काय म्हणशील ते मान्य.

हुसेनबी (अंगठा)

(मावशी रडल्या नाहीत. मी मधे उठून ओसरीवर जाऊन आलो. माझ्या मनात त्यांच्याविषयी काही नाही, हे त्यांना न सांगता लिहितो. — गणपतराव)

*

मुंबई, ता. ३ ऑगस्ट १९११

ती. दादीमाँ यांस सलाम. वि. वि.

यासोबत दुसरी डबी आहे. हिचे पाणी गुलाबी होते आणि उन्हात शेंदरी झळकते. ही सगळी काकांच्या खड्ड्यात जावी, सर्वांसमोर. तीन आठवड्यांत विहिरीत गुलाबी आले नाही, तर खड्डा निर्दोष. आधीचा हिरवा रंग पंधरा-वीस दिवसांत धुऊन जातो.

कबरींना दोष देऊ नका. गेल्या साली पटकीने गेलेले सगळे त्या अंघोळीच्या दगडावर न्हाले, त्यांची अंथरुणेही तिथेच धुतली. तेच पाणी खाली येत असणार, असा साहेबांचा अंदाज आहे. निकालाची वाट न पाहता विहिरीवर फळ्या टाकाव्यात.

रफिकविषयी तुम्ही लिहिलेत ते मी मदिनाला कळवणार नाही. सांगायचे तर तुम्हीच सांगा. मी तुम्हाला काय लिहू, ते मला अजून सुचत नाही.

कुतुबुद्दीन

*

कोल्हापूर, ता. १४ सप्टेंबर १९११

चि. कुतुबुद्दीन यास हुसेनबीचे उदंड दुवा. वि. वि. मदिना आणि पोर तुझ्याकडं मुंबईला सुखरूप पोचल्याचं गणपतरावांनी परत येऊन सांगितलं. मेहमुदाला गाडीत सगळ्या वाटेत तुझे काका घोडा झाले होते म्हणे. कंबर धरून बसलेत, तरी लिहिताहेत.

तुझा गुलाबी आला नाही. एकवीस दिवस गल्ली फळ्या सारून बघत होती. बाविसाव्या दिवशी मी गणपतरावांच्या दारात उभी राहिले आणि सगळं मोठ्यानं सांगितलं, कबरीपासून वाटीपर्यंत. बायडाबाईनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या उंबऱ्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. माझ्याशी बोलत नाही. बोलू नये.

मदिनाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. भाकरी थापत होती. हातातली पुरी केली, भाजली, उतरवली, आणि मग पोरीचे कपडे गोळा करायला लागली. जाताना पाया पडली, पण मेहमुदाला माझ्या हातात दिलं नाही. तिचं बरोबर आहे. तिला तसं सांग.

विहीर बुजवली. मुजावरानं अंघोळीचा दगडही टेकाडाच्या पलीकडे हलवला. विहिरीत दगडांची पहिली पाटी मी टाकली. तुझ्या दादांनी विहीर अकरा महिन्यांत खणली होती, बुजायला चार दिवस लागले. तू लिहिलं होतंस, रंग पंधरा-वीस दिवसांत धुऊन जातो. दोन महिने होऊन गेले. दुपारी ऊन आलं की दगडांच्या फटीतून हिरवं वर येतं, आणि पोर जिथं उभी राहायची त्या बाजूला जास्त. गणपतरावांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, काही दिसत नाही. खोटं बोलायचं त्यांना जमत नाही, म्हणून मला आता माझीच शंका येते.

म्हणून शुद्धीत आहे तोवर सांगते. मेहमुदाला इथं आणू नकोस. मी बोलावलं तरी आणू नकोस. मी गोड बोलून बोलावीन. आजारी आहे, डोळे मिटायच्या आत पोरीचं तोंड बघू दे, असं लिहीन, आणि गणपतराव लिहून देतील, त्यांना माझा शब्द मोडवत नाही. तू ते पत्र वाच, बाजूला ठेव, आणि येऊ नकोस. पन्नास वर्षं सकाळी उठले की हात आपोआप वाटीकडं जातो. आजही गेला होता.

आहे तिथून माया कर, तेवढी पोचते.

हुसेनबी (अंगठा)