तपकिरी बाटली

नारायण पेठ, पुणे
१४ डिसेंबर २०२४

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, त्यांचं वयच आहे. पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहिलं गेलं, म्हणून ते फाडून दुसरं आणलं.

परवा फोनवर सांगितलं, नळाचं पाणी पिऊ नकोस, नातीलाही देऊ नकोस. तू "का रे दादा?" विचारलंस आणि मी फोन ठेवला. तोंडानं सांगायचं धैर्य नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तू दोन बस बदलून आमच्या प्रयोगशाळेत आली होतीस. नदीकाठच्या उसावर फवारणी झाली की नळाला औषधाचा वास येतो, म्हणालीस. पिशवीत शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, तीनदा विसळलेली. या तपासणीला पाणी तपकिरी काचेच्या बाटलीतच घ्यायचं असतं. प्लास्टिकला कीटकनाशक चिकटून बसतं आणि पाणी निर्दोष दिसतं. तीस वर्षं नव्या लोकांना यावरून मी धारेवर धरलं. पण तू उन्हातान्हाची आलेली, तुला परत पाठवायचं जिवावर आलं. अहवाल आला, 'आढळले नाही'. मी सही केली.

अवधूतरावांनी तो कागद फ्रिजवर लावला. कुणी पाण्याला नाक मुरडलं की म्हणायचे, "आमच्या मेव्हण्यांची सही आहे. प्या निर्धास्त."

तेराव्याला तुझी पाठ वळल्यावर मी तुमच्या नळाचं पाणी तपकिरी बाटलीत भरून आणलं. अहवाल सोबत आहे. मर्यादेच्या सहापट. अवधूतरावांचं यकृत त्यानंच गेलं का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. माझं मन रोज सांगतं. हा कागद ग्रामपंचायतीत दे, आणि फ्रिजवरचा काढ.

चूक झाली, एवढंच लिहून थांबणार होतो. पण त्या बाटलीमुळे अहवाल खोटा ठरला असणार, हे मला त्याच आठवड्यात उमगलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, आपलीच सही खोटी कशी म्हणायची? मी गप्प बसलो. तेव्हापासून तुमच्याकडे येताना पिशवीत घरचं पाणी घेऊन यायला लागलो. अवधूतराव चेष्टा करायचे, "पेठेतल्या माणसाला पाणीसुद्धा पेठेतलंच लागतं." मी हसायचो, आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचो. समोर ते त्यांच्या पेल्यातलं प्यायचे.

मंदा, क्षमा मागत नाही. पुढच्या भाऊबीजेला बोलावलं नाहीस तरी समजेन.

खाली सही करत नाही. नुसतं नाव लिहितो.

श्यामसुंदर