दोन डाव्या बाह्या

दि. ४ मार्च, सकाळी सव्वासहा. इस्त्री तापत ठेवली आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रकृती बरी आहे, मन नाही. आमच्या टेलरमास्तरांना हल्ली नीट दिसत नाही. शनिवारी बोक्याने आणि मी एकेक कोट कापायचा. ज्याचा चांगला, तो कापायच्या टेबलावर. बोका माझ्याच वयाचा, माझ्याच खोलीतला. माझ्या वाट्याचं दूध पितो म्हणून बोका. परवापासून तो माझ्याशी बोलत नाही. साबण हवा असला तरी मास्तरांकरवी मागतो. मी कटर होणार असं घरी एवढ्यात सांगू नकोस.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा धाकटा

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांगून झालं. बाबांनी तर न्हाव्यालाही सांगितलं, आता कोणाकोणाला आवरू? पण तुझ्या पत्रांत बोका असतो, शिलाई असते, कात्री कधीच नसते. ते टेबल तुला हवंय की आम्हाला? उत्तर मला नको, स्वतःला दे. आणि दूध स्वतः पी.

माया आहेच, ती विचारून घ्यायची नसते.

ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा कोट कापून झाला होता. कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापतात. खालचा पदर सरकेल या भीतीने मी एकेरी कापडावर एकेक बाही जपून कापली आणि दुसऱ्या वेळी नमुन्याचा कागद उलटायला विसरलो. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. टेबल बोक्याला मिळालं.

संध्याकाळी तो जिन्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, की चूक त्याला दिसत होती, तरी तो गप्प राहिला. मी तोंडाला येईल ते बोललो. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, की कात्री हातात आली की मला कापवतच नाही. मला आवडतं ते बाही लावणं, खांद्यावर एकही चुणी न पडू देता. हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.  मग बोका म्हणाला, की त्याला बाही लावता येतच नाही, आणि हे मास्तरांना ठाऊक नाही.

सकाळी दोघांनी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, एकाने कापा, एकाने जोडा, भांडण दुकानाबाहेर.

आज पहिला कोट आहे. गिऱ्हाइकाचा उजवा खांदा उतरता आहे, म्हणून बोक्याला तिथे थोडा जास्त उतार कापायला सांगितलं. त्याने कापला, पण आधी हुज्जत घातली.

बाबांना खरं ते सांग. त्यांचा राग निवेपर्यंत त्यांच्या वाट्याचाही लोभ तूच कर.

तुझा धाकटा