मधल्या दाराचा अवमान

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामीही चढू देत असतील, अशी आशा करतो. इकडे सारे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

बाबांच्या माघारी घराच्या वाटण्या झाल्या, त्यात न्हाणीघर दादाच्या हिश्शात गेलं, हे आपण जाणताच. तिकडे जायचं मधलं दार बंद करायचं नाही, असा कोर्टाने दादाला स्पष्ट आदेश दिला होता. तरी एका सकाळी पलीकडून कुलूप! तेव्हापासून आम्ही शेजारच्या दंतवैद्यांकडे अंघोळीला जातो. डोकं पुसत मी बाहेर आलो की बाकावरचे रुग्ण चपापतात. (एक जण तर उठून गेला. दात काढताना माणूस एवढा भिजतो, असं त्याला वाटलं असावं.)

शेवटी मी वकीलबाईंना गाठलं. दादाविरुद्ध कोर्टाच्या अवमानाचा अर्ज करायचा ठरला. माझ्या मसुद्याची सुरुवात दादाने लहानपणी माझा पतंग फाडला तिथपासून होती. बाईंनी तेवढा भाग खोडला. (तोच सर्वांत भक्कम होता.) "आदेश माहीत असून मुद्दाम मोडला, एवढंच दाखवायचंय. साक्षीदारासमोर एकदा दार उघडायला सांगा," त्या म्हणाल्या. मी दंतवैद्यांना घेऊन दार ठोठावलं आणि आदेश खणखणीत आवाजात वाचला.

पलीकडून दादा म्हणाला, "मी नाही लावलं. किल्ली आईच्या कनवटीला आहे."

मग आईचा आवाज आला. "दार उघडं होतं तेव्हा त्यातून नुसत्या शिव्या ये-जा करत होत्या. दोघं माझ्यासमोर जेवायला बसा, मग उघडते. तुझ्या कोर्टालाही बोलाव हवं तर."

दंतवैद्य पाय न वाजवता निघून गेले.

वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला. "मग भावाने अवमान केलाच नाही. आदेश माहीत असून अडवतायत त्या तुमच्या आई. अर्ज त्यांच्याविरुद्ध करावा लागेल. करू तयार?" त्यांनी कोऱ्या कागदावर आईचं नाव लिहिलं आणि पुढे 'सामनेवाली'. मामा, माझ्याच्याने पेनचं टोपण निघेना. चूल दादाकडे आहे, माझ्याकडेही आहे. आई जेवते कुणाबरोबर, हे त्या कागदापुढे बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं. सही न करता उठलो.

आपला,
धाकटा भाचा

ता. क. न्हाणीघराची आता तशी घाई नाही. पण आपण येऊन आम्हा दोघांना 'बसा जेवायला' असं दरडावलंत तर बरं होईल. आधी 'हो' कुणी म्हणायचं, यावर गाडं अडलंय.

ता. क. घाई नाही, हे खोटं आहे. दंतवैद्य दवाखाना बंद करून गावी चाललेत.

ता. क. आत्ता मधल्या दाराच्या फटीतून डोकावत दादाने विचारलं, "काय खरडतोयस?" वकील नाही, साक्षीदार नाही, असं तो कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. मी म्हणालो, "कोर्टाचं काम आहे."

जरा वेळाने तो म्हणाला, "मामांना माझाही नमस्कार लिही."

तो लिहिला आहे.