एकेचाळीस सालात गेलेला संगणक

मंगळूर,
कार्तिक वद्य पंचमी

श्री. सुब्राय भावोजी यांच्या चरणी अनंतकृष्णाचा दंडवत (कंबर धरलेली असल्यामुळे तूर्त कागदावरचाच गोड मानून घ्यावा).

आपला गुडघा, अक्काचा दमा आणि सुपारीवरची बुरशी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आपल्या मातोश्रींच्या, म्हणजे आम्हा सर्वांच्या अत्तेंच्या, प्रकृतीची चौकशी मात्र मी हेतुपुरस्सर टाळतो आहे. मागच्या खेपेस ती केली, तेव्हा अक्काच्या हातून फोन हिसकावून "मी अजून आहे की गेले, त्याची खात्री करून घेतोस काय रे?" असे त्यांनी मलाच विचारले होते.

मुंडाडी देवीच्या मेळाचा, म्हणजे देवळाच्या नाटकमंडळीचा, नवसाचा यक्षगान खेळ आपल्या अंगणात व्हावा म्हणून अत्तेंनी नाव नोंदवले; त्यांची पाळी दोन हजार एकेचाळीस साली येते. अत्तेंना आज सत्त्याऐंशीवे चालू आहे. या गणितात अडचण कुठे आहे, हे सांगण्यासाठी माझ्यासारख्या डॉक्टरेटची गरज नाही. परंतु यंदाच्या मार्गशीर्षातली एक रात्र कुणाच्या तरी घरी सुतक आल्याने अकस्मात मोकळी झाली. ती प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला मिळायची होती आणि ते नाव शुक्रवारी जाहीर व्हायचे होते. यादी होती फक्त मेळाच्या कचेरीतल्या संगणकात, आणि त्यातले जुने सॉफ्टवेअर दसऱ्यापासून उघडायलाच तयार नव्हते. तेव्हा यादी वाचू शकेल असे माझे स्वतःचे, निर्दोष सॉफ्टवेअर मी मेळाला देऊ केले (विनामूल्य, आणि खरे सांगायचे तर, न मागता). यादीत अत्तेंचे नाव बरेच वर सरकले असावे, अशी मला मनातून आशा होती.

सॉफ्टवेअर आणि त्याला चालवणारे इंजिन अशी दोन्ही मी एकाच पुडक्यात बांधली होती. 'दोनदा क्लिक करावे व चहा घ्यावा; चहा संपेपर्यंत काम झालेले असेल,' असे सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते. (पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. हे कुणाच्या लक्षात आले नाही, ते सोडा.) माझ्या घरच्या संगणकावर ते पुडके लोण्यातून सुरी जावी तसे बसले होते.

कचेरीत मात्र पहिल्याच क्लिकला संगणकाने मान फिरवली. खजिनदार शेणव पगारपत्रके ज्या सॉफ्टवेअरवर काढतात त्याचे इंजिन बत्तीस बिटांचे, माझे चौसष्ट बिटांचे. आणि एका संगणकात ही दोन एकत्र नांदत नाहीत. एकाच रंगपटात दोन दुर्योधन मुकुट बांधून बसावेत तसा प्रकार. बत्तीसवाल्याने जागा सोडावी हे उघडच होते. शेणव खुर्चीतून उठून संगणकापुढे आडवे उभे राहिले. "माझ्याला हात लावायचा नाही हां, डॉक्टरे! पगार झाला नाही तर चेंडेवाला चेंडा माझ्या पाठीवर वाजवेल. तुमचं थोरलं आहे ना? मग थोरल्याने जरा समजून घ्यावं." मी समजून घेतले. घरी येऊन सारे पुडके पुन्हा बत्तीसात बांधले; चौसष्ट कलांतल्या निम्म्या विसरायला लावल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी संगणक म्हणाला, 'याहून नवी प्रत येथे आधीच बसवलेली आहे.' माझ्याहून नवी? व्यवस्थापक पद्मय्या बल्लाळ धण्याजिऱ्याच्या कषायाचा घोट घेत म्हणाले, "तुम्ही मागे चाचणीची पाठवलेली ना? ती बसवली होती मी."

"ती जुनी आहे, बल्लाळ."

"कंप्युटर नवी म्हणतो. तो कशाला खोटं बोलेल? त्याला काय निवडणुकीला उभं राहायचंय?"

मी पुन्हा प्रयत्न केला, तर 'या निर्मात्याच्या स्वाक्षरीची मुदत संपलेली आहे' असे उत्तर आले. ही संगणकीय स्वाक्षरी मी याच वर्षी रीतसर घेतलेली आहे! बल्लाळांनी माझे सांत्वन केले. "असू दे हो. वय झालं की सही हलते. माझी बँकेत तीनदा परत आली."

आता पडद्याच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे माझे लक्ष गेले. आयुधपूजेला तिथे देवीचे चित्र चिकटवून वर गंध लावले होते. म्हणजे नेमके जिथे संगणक तारीख दाखवतो तिथे. मी हात धुतले, देवीची क्षमा मागितली आणि चित्र नखाने हळूच उचलले. खाली एकेचाळीस साल होते.

बल्लाळांना यात काहीच वावगे वाटले नाही. जुने सॉफ्टवेअर चालू वर्षाबाहेरचे बुकिंग घेत नसे, आणि मेळाची बुकिंगे तर नातवंडांच्या लग्नापर्यंत पोचलेली. "म्हणून कंप्युटरलाच तिकडे नेतो. एकेचाळीसचं बुकिंग आलं की एकेचाळीस सालात न्यायचा, लिहायचं, परत आणायचा. त्या दिवशी आणायचा राहिला असेल." त्याच मुक्कामात माझी चाचणीप्रत बसली आणि सोळा वर्षांनी नवी ठरली. नव्या प्रतीवर कुणा मूर्खाने जुनी चढवू नये म्हणून तारखा ताडून पाहण्याचा नियम मीच घातला होता, आणि तो योग्यच होता. व्यवस्थापक भविष्यकाळात जाऊन बसलेला असेल, याची तरतूद कोणत्याही शास्त्रात नाही.

मी संगणकाला वर्तमानात आणले, त्या प्रतीची पाळेमुळे खणून काढली (कंबर याच वेळी गेली, मेजाखाली) आणि पुडके बसवले. चहा संपायच्या आत काम झाले. तेवढ्यात बल्लाळांनी विचारले, "म्हणजे आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना एकेचाळीसच्या दसऱ्यापर्यंतच होता, म्हणून ते बंद पडलेलं? नुसती तारीख बदलली असती तर चाललं असतं ते?" मी चहाचा पेला जवळ ओढला. चहा गार होत होता.

अक्कास नमस्कार. तिने कोकम पाठवू नये, मागचे शिल्लक आहे.

आपला आज्ञाधारक,
अनंतकृष्ण केकुण्णाय

ता. क. यादीचे सांगायचे राहिले. पहिले नाव अत्तेंचे नाही, माझे आहे. मी डॉक्टरेटला बसलो तेव्हा आमच्या आईने मला न विचारता नवस बोलून नाव घातले होते. (माझ्या बुद्धीवर तिचा किती विश्वास होता, हे आता कळले.) ती रात्र अत्तेंच्या नावे करा, असे मी बल्लाळांना विनवले. परंतु नावांची अदलाबदल माझे सॉफ्टवेअर कोणालाही करू देत नाही. बल्लाळ म्हणाले, "आमचं जुनं असतं तर चिमूटभर इकडचं तिकडे केलं असतं हो. तुमचं फार शिकलेलं आहे."

आणखी ता. क. खेळ माझ्या नावे होणार हे ठरले; पण मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या गच्चीत महिषासुराचा मुकुटसुद्धा मावणार नाही. तेव्हा पत्राचे कारण असे, की मार्गशीर्ष पौर्णिमेपूर्वी आपण अंगणात वाळत घातलेली सुपारी उचलून घ्यावी आणि रंगमंचाला जागा द्यावी. अत्तेंची खुर्ची भागवतांच्या, म्हणजे खेळ गाऊन चालवणाऱ्यांच्या, अगदी समोर मांडावी. सगळ्यांच्या जेवणाचे अक्काला आपणच सांगावे. माझे धाडस होत नाही.

शेवटचा ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी न राहवून अत्तेंना फोन केला. म्हणाल्या, "बघेन की रे, उजाडेपर्यंत बसेन. पण नवस तुझ्या आईचा, पुण्यही तिचंच. माझा एकेचाळीस सालचा आहे तिथेच राहू दे. नाव हलवलंस तर बघ! तो फेडल्याशिवाय मी कुठे जायची नाही." नाव हलवलेले नाही. तेव्हा भावोजी, त्या साली पण सुपारी जरा लवकर उचलावी.